घरच्या माणसाचं माप

मास्तरांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, ही गोष्ट अख्ख्या गल्लीला ठाऊक होती. ती गल्लीला ठाऊक आहे, एवढंच मास्तरांना ठाऊक नव्हतं.

ते आपले ताकाला जाऊन भांडं लपवत होते. उंच गिऱ्हाईक आलं की त्याला आधी स्टुलावर बसवायचं आणि मग गळ्याचं माप घ्यायचं. कुणी विचारलंच तर, "हल्ली बसवूनच घेतात. बसलेल्या माणसाचा गळा खरा असतो," असं ठोकून द्यायचं. खांद्यांचं माप घ्यायची वेळ आली की टेपचं एक टोक गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायचं. आणि वरच्या फळीवरचा कापडाचा तागा काढायचा झाला की मास्तरांना खोकल्याची उबळ यायची. मशीनवर बसलेला धाकटा भाऊ उठून तागा काढून देईपर्यंत ती काही थांबायची नाही.

दुकान एका खोलीचं होतं. पुढे कापायचं लांब टेबल, खिडकीशी शिलाईचं मशीन, कोपऱ्यात प्लायवूडची भिंत घालून केलेली कपडे घालून बघायची जागा, आणि मागच्या दाराआड घर. त्या दारात पाटावर बसून मास्तरांची बायको काज-बटणं करायची. वडिलांनी जाताना दुकानाची वाटणी केली नव्हती, कामाची केली होती. थोरल्याने कापायचं, धाकट्याने शिवायचं. तीस वर्षं झाली, त्या वाटणीत सुतभर फरक पडला नव्हता. ज्याच्या हातात कातर तो मास्तर, आणि जो मशीनवर बसतो तो कारागीर, असा या धंद्याचा कायदाच आहे. ती कातरही साधीसुधी नव्हती. काळी, दहा इंची, मुठीला चिंधी गुंडाळलेली. धाकटा आता त्रेपन्न वर्षांचा झाला होता, पण ती कातर त्याच्या हाती यायची ती फक्त धार लावून आणायला.

म्हणून तर मास्तर हात लपवत होते. हात गेला की कातर गेली, आणि कातर गेली की मग आपल्याला हाक कशी मारणार? त्यांचं नाव तर गल्ली कधीच विसरली होती. बायकोसुद्धा 'अहो'वर भागवायची. साठी उलटल्यावर माणसाने नवीन नाव कुठून आणायचं?

पण दुखणं काही कुणाच्या अब्रूची पर्वा करत नाही. एका सकाळी वकीलसाहेबांच्या काळ्या कोटाच्या बाह्या कापायच्या होत्या. कापड बेताचं होतं, दुहेरी घडी घालून दोन्ही बाह्या एकदम निघणार नव्हत्या. अशा वेळी एक बाही कापायची, मग कागदाचा फर्मा उचलून उलटा करायचा आणि दुसरी कापायची. फर्मा उलटा करताना हात टेबलावरून पार पलीकडे न्यावा लागतो. त्या दिवशी खांद्यात अशी कळ आली होती की मास्तरांनी फर्मा उलटा केलाच नाही, नुसता पुढे सरकवला. आणि डोळे मिटून कापावं तसं कापून मोकळे झाले.

तासाभराने मशीन थांबलं. धाकट्याने दोन्ही तुकडे मांडीवर पसरले, एकदा इकडून बघितले, एकदा तिकडून बघितले.

"दादा, वकीलसाहेबांचे दोन्ही हात डावेच आहेत का?"

त्याने हे न हसता, अगदी चौकशी करावी तसं विचारलं, आणि तेच मास्तरांना जास्त झोंबलं. मागच्या दारात बायको हसली. इतकी हसली की तिच्या हातातली सुई पडली. सुई शोधता शोधता तिचं हसू ओसरलं आणि ती उठून दुकानात आली.

"अहो, पुरे झालं आता. वर्षभर बघतेय मी. खोकला येतो म्हणे! घरात कधी येत नाही तो खोकला."

"कापड आखडलं होतं," मास्तर म्हणाले.

"कापड नाही, तुम्ही आखडलाय. सहा आठवडे देते. काय करायचं ते करा. तेवढ्यात हात सरळ वर गेला तर कातर तुमची. नाही गेला तर कातर भाऊजींकडे, आणि तुम्ही माझ्या शेजारी बसून बटणं लावायची."

"मी? बटणं?"

"मी तीस वर्षं लावतेय. बटणं लावून कुणी मेल्याचं ऐकलं नाही अजून."

मास्तरांनी मदतीसाठी धाकट्याकडे पाहिलं. धाकटा मान खाली घालून मशीनला तेल घालत होता. वकीलसाहेबांसाठी नवं कापड आणलं आणि त्यांना पुढची तारीख दिली. वकीलच ते, त्यांना तारखांची सवय होती.

सहा आठवडे मिळाले खरे, पण घोडं वेगळ्याच ठिकाणी पेंड खात होतं. मास्तरांना करायचं काय ते माहीत नव्हतं, आणि विचारायचं कुणाला? विचारलं की दुखतंय हे कबूल करणं आलं. पण त्याच आठवड्यात इस्पितळातल्या व्यायामवाल्या बाई पांढऱ्या कोटांचं कापड घेऊन आल्या. तिशीच्या असतील. मोडलेली, आखडलेली माणसं पुन्हा चालती-हलती करणं हे त्यांचं काम. त्या आपण होऊन आल्या होत्या की त्यांना मास्तरांच्या बायकोने बोलावलं होतं, हे मास्तरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

"बसा बाई," मास्तरांनी स्टूल पुढे केलं.

"कशाला?"

"माप घ्यायला. हल्ली बसवूनच घेतात."

"मास्तर, बसवून माप घेतलेला कोट मी दिवसभर उभी राहून कसा घालू?" बाई म्हणाल्या. "हात वर करा."

"तुम्ही करा ना. माप तुमचं आहे."

"तुमचा हात, मास्तर. वर करा."

मास्तरांनी हात वर केला. हात छातीपर्यंत गेला आणि तिथून पुढे हाताऐवजी मास्तरच गेले. कमरेतून डावीकडे इतके कलले की धाकटा त्यांना धरायला धावला. बाईंनी प्रश्नांची फैर झाडली. बोटांना मुंग्या येतात का? हातातून वस्तू पडते का? पडला-बिडला होतात का? छातीत दुखतं का? सगळ्याला नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "बरं झालं. यातलं एकाला जरी हो म्हणाला असतात, तर आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं." आणि मास्तरांच्या मागे जाऊन पाठीच्या फऱ्याच्या आतल्या बाजूला त्यांनी अंगठा दाबला.

मास्तरांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून समोरचा चांभार हातातला बूट टाकून बघायला आला.

"इथे गाठ बसलीय," बाई शांतपणे म्हणाल्या. "हे टेबल कुणाच्या उंचीचं आहे?"

"वडिलांच्या."

"ते केवढे होते?"

मास्तरांनी दोन्ही भावांच्या मधल्या हवेत, आपल्या कानाखाली कुठेतरी डावा हात धरला. बाईंनी एकदा टेबलाकडे बघितलं, एकदा मास्तरांच्या पाठीकडे. गल्लीतल्या प्रत्येकाला त्याच्या त्याच्या मापाचे कपडे देणारा हा माणूस स्वतः तीस वर्षं दुसऱ्याच्या मापाच्या टेबलावर वाकत होता. धाकट्याने त्याच दुपारी टेबलाच्या पायांखाली विटा सरकवल्या.

बाईंनी सांगितलेलं औषध ऐकून मास्तरांची निराशा झाली. एक रबरी चेंडू मोज्यात घालायचा. मोजा खांद्यावरून पाठीमागे सोडायचा, चेंडू दुखऱ्या जागी आणायचा आणि भिंतीला टेकून त्यावर हळूहळू भार द्यायचा. एका जागी एक मिनिट, श्वास न रोखता. मान आणि खांद्याच्या मधला स्नायू डाव्या हाताच्या चिमटीत धरायचा, दाबायचा, सोडायचा. दुखण्याला मनातल्या मनात दहापैकी मार्क द्यायचे. पाचपर्यंत चालेल, आठ झाले की थांबायचं. आंघोळीच्या वेळी गरम पाण्याने शेकायचं. दर अर्ध्या तासाने काम सोडून उठायचं, हात-पाय मोकळे करायचे, पाणी प्यायचं. संध्याकाळी वीस मिनिटं चालायचं.

"एवढंच?" मास्तर म्हणाले. "गोळी नाही?"

"मशीनला रोज तेल घालता ना? तसंच आहे हे. तेल घातलं नाही आणि मग बिघडलं म्हणून गोळी दिली, तर मशीन चालेल का?"

मास्तरांना पटलं, पण पटलं म्हणून माणूस लगेच ऐकतो थोडाच. बाईंची पाठ वळली आणि मास्तरांनी आपली अक्कल पाजळायला सुरुवात केली. चेंडूने पोरं खेळतात, म्हणून त्यांनी दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ घेतलं. दुसऱ्या दिवशी फऱ्याजवळ जांभळा डाग. मग बायकोने शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा जुना चेंडू मागून आणला, धुतला, आणि एका फाटक्या मोज्यात घातला. तर मास्तरांनी हिशेब मांडला की एका मिनिटाने एवढं बरं वाटतं, तर वीस मिनिटांनी वीसपट वाटेल. तिसऱ्या दिवशी दोन्ही हात धरले. शर्टाची बटणं बायकोने लावून दिली, आणि लावताना ती एक अक्षर बोलली नाही, हे मास्तरांना फार लागलं.

बाई कोटांची ट्रायल बघायला आल्या तेव्हा मास्तर खांबासारखे ताठ उभे होते.

"मास्तर, इस्त्री कापडावर एकाच जागी वीस मिनिटं ठेवता का?"

"जळेल ना!" मास्तर ओरडले. आणि मग स्वतःच्याच खांद्याकडे बघायला लागले. बाईंना आणखी काही सांगावं लागलं नाही.

त्यानंतर गाडी रुळावर आली. अडचण एकच होती. दुखरी जागा पाठीवर, आणि पाठीला डोळे नसतात. चेंडू नेमका जागेवर बसेना. त्यावर बायकोने शिंप्याच्या घरात शोभेल असा तोडगा काढला. सकाळी ती बोटाने चाचपून दुखऱ्या जागा हुडकायची आणि मास्तरांच्या शर्टावर खडूने फुल्या मारायची. चार फुल्या म्हणजे चार मिनिटं. कामाच्या नादात मास्तर त्या पुसायला विसरायचे आणि दिवसभर तसेच फिरायचे. एक गिऱ्हाईक हळूच धाकट्याला विचारून गेलं, "मास्तरांनी घातलाय तो शर्ट उसवायचाय का?"

जागेचाही प्रश्न होता. दुकानात मोकळी भिंत म्हणजे ती प्लायवूडची. एकदा मास्तर तिला टेकून डोळे मिटून चेंडूवर घुसळत होते. भिंत धडधड वाजत होती, आणि मास्तर दर फुलीला "आहाहा... सात... सहा... साडेपाच..." असे मार्क मोजत होते. आत पँट घालून बघणारे एक गृहस्थ अर्ध्या पँटीनिशी बाहेर आले आणि म्हणाले, "अहो, घाई करू नका, निघतोच आहे मी!"

अर्धा तास झालेला कळावा म्हणून बायकोने घरातलं गजराचं घड्याळ टेबलावर आणून ठेवलं. गजर वाजला की मास्तर कातर खाली ठेवायचे, पाणी प्यायचे, गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन यायचे. "ऊठ रे तूही," सुरुवातीला त्यांनी एक-दोनदा म्हटलं.

"तू जा दादा, एवढी शिवण संपवतो," धाकटा म्हणायचा.

इस्त्रीही त्याने आपल्याकडे घेतली होती. मोठी, जड, मास्तरांच्या खांद्याला न झेपणारी. मशीनवरून उठायचं, इस्त्री मारायची, पुन्हा मशीनवर बसायचं. धाकटा मुळातच कमी बोलायचा. लग्न केलं नव्हतं, मागच्या खोलीत राहायचा, वहिनीच्या हातचा चहा प्यायचा आणि दिवसभर मान खाली घालून शिवायचा. त्याची शिवण इतकी सरळ असायची की गिऱ्हाइकं मास्तरांच्या कापण्याची तारीफ करायची, आणि मास्तर ती स्वतःकडे ठेवून घ्यायचे.

दर रविवारी परीक्षा. मास्तर भिंतीला तोंड करून उभे राहायचे, हात भिंतीवरून वर वर सरकवायचे आणि बोट पोचेल तिथे बायको खडूची रेघ मारायची. मग मास्तर टेप लावायचे आणि मापाच्या वहीत, गिऱ्हाइकांच्या छाती-कमरेच्या शेजारी, स्वतःच्या हाताची उंची लिहायचे. पहिल्या आठवड्यात पाऊण इंच, दुसऱ्यात सव्वा, तिसऱ्यात काहीच नाही. त्या तिसऱ्या रविवारी मास्तर इतके हिरमुसले की चहा गार झाला तरी त्यांना कळलं नाही. चौथ्या आठवड्यात एकदम तीन इंच. गिऱ्हाइकाला अर्धा इंच सहज सोडून देणारा हा माणूस स्वतःच्या पाव इंचासाठी बायकोशी भांडायला लागला. "रेघ जाड मारलीस! वरच्या कडेपर्यंत धरायचं!"

हात वर जाऊ लागला तशी मास्तरांची जीभही सुटली. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणं म्हणतात ते हेच. पँटची चेन बदलायला आलेला माणूस चेंडूची महती ऐकूनच परत जायचा. चांभाराला त्यांनी दर अर्ध्या तासाला हाक मारून उठवायला सुरुवात केली. वकीलसाहेब कोट न्यायला आले तर त्यांना भिंतीला उभं करून, "साहेब, मार्क द्या, किती दुखतंय?" म्हणून विचारलं. साहेबांनी नऊ दिले. "बघा! वेळेत आलात," मास्तर म्हणाले. गल्लीत जो दिसेल त्याच्या खांद्यावर त्यांचा हात पडायचा, आणि लोक वाट बदलून जायला लागले.

सहा आठवडे पुरे झाले त्या दिवशी सकाळीच बायको दुकानात येऊन उभी राहिली. मास्तरांनी बाह्या सावरल्या, वरच्या फळीपाशी गेले आणि न खोकता, न झुकता, उजव्या हाताने तागा उचलून खाली घेतला. वर जाताना खांदा किंचित कुरकुरला, पण तीनच मार्कांएवढा. मग त्यांनी तो तागा पुन्हा वर ठेवला आणि पुन्हा काढला. तिसऱ्यांदा ठेवायला निघाले तेव्हा बायको म्हणाली, "कळलं. कातर तुमची."

मास्तरांना खरोखरच रडू येईल असं वाटलं. त्यांनी कातर उचलली आणि उगाचच हवेत दोनदा चालवली. त्या आवाजाने त्यांचं काळीज सुपाएवढं झालं.

"भाऊजींनी सहा आठवडे तुमची इस्त्री ओढलीय," बायको म्हणाली. "त्यांना काहीतरी करा."

"करतो की! शर्ट कापतो. हा निळा तुकडा कसा आहे?" मास्तर आज उदार झाले होते. त्यांनी खिळ्याला टांगलेल्या खाकी कागदांतून धाकट्याचा फर्मा ओढला. कडा मऊ पडलेल्या, वर बावीस वर्षांपूर्वीची पेन्सिलीची अक्षरं. दरवर्षी धाकट्याचे दोन शर्ट याच फर्म्यावर निघायचे. टेप लावायची ती परक्याला. घरच्या माणसाचं माप कोण घेतं?

"माप घ्या," बायको म्हणाली. "आता हात वर जातोय ना?"

खरं तर मास्तरांना तेच हवं होतं. हात दाखवायची आणखी एक संधी. "ऊठ रे! उभा राहा इथे."

"फर्मा आहे ना, दादा," धाकटा मशीनवरूनच म्हणाला. "कशाला उगाच."

"ऊठ म्हणतो ना."

धाकटा उठला. दोन्ही हात मशीनच्या पाटावर टेकून, मग एक हात मांडीवर टेकून, असा टप्प्याटप्प्याने उठला. मास्तर टेप झटकत होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

गळा घेतला, बरोबर. खांदा घेतला, बरोबर. मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत पाठ घेतली. फर्म्यावर सतरा लिहिलं होतं. टेप साडेअठरा म्हणत होती. मास्तर हसले आणि टेप सरळ करून पुन्हा लावली. साडेअठरा. पुढून घेतलं तर सव्वा इंच कमी.

"ही टेप ताणलीय," ते म्हणाले, आणि खणातली दुसरी काढली. दुसरी टेपही तेच म्हणाली.

"सरळ उभा राहा बघू."

"सरळच उभा आहे, दादा."

मास्तरांच्या हातातली टेप तिथेच राहिली. रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या माणसाची पाठ किती वाकलीय, हे दारातून बघून सांगणारा हा माणूस. कुणाचा खांदा किती उतरलाय, कुणाचं पोट यंदा किती सुटलंय, सगळं त्यांच्या नजरेत. आणि आठ फुटांवर, खिडकीच्या उजेडात बसलेली ही पाठ मात्र त्यांनी बघितली नव्हती. आता बघितली. मान पुढे गेली होती, खांदे आत वळले होते, आणि दोन्ही फऱ्यांच्या मधे पाठ कमानीसारखी वर आली होती.

"तुझे शर्ट तर बरोबर बसतात," मास्तर म्हणाले. 

"तू फर्म्यावर कापतोस. मी शिवताना पाठीला एक पट्टी जोडतो, आणि पुढून आत घेतो."

मास्तरांनी त्याची कॉलर उलटून पाहिली. होती पट्टी. दीड इंचाची, खांद्याच्या शिवणीत इतकी साफ दडवलेली की शिंप्याच्या डोळ्यालाही फसवावं.

"किती वर्षं?"

"झाली असतील आठ-नऊ."

"आणि सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? तुझं कापणं चुकतं म्हणून?"

दारात बायकोने तोंडाला पदर लावला. ती इतकी वर्षं याच माणसाला चहा देत होती. रोज डोळ्यांसमोर वाढणारं पोर आईला मोठं झालेलं दिसत नाही, तसंच तिचंही झालं होतं.

"दुखतं का?" मास्तरांनी विचारलं. सहा आठवड्यांत हा प्रश्न त्यांनी अख्ख्या गल्लीला विचारला होता.

धाकट्याने जरा विचार केला. "बसलं की नाही कळत. उठताना कळतं. म्हणून उठत नाही."

मास्तरांना लाज वाटली. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. आणि लाज वाटली की मास्तर दुसरं काय करणार, भडकले. "गाढवा! त्या गजराला मी एकटाच फिरायला जातो आणि तू इथे कुबड काढत बसतोस? आणि वर माझी इस्त्री मारतोस? बाईंकडे आजच जायचं. नुसता चेंडू नाही, त्यांनी नीट तपासायचं. आणि सकाळी मशीनवर बसायचं नाही!"

"मग शिवणार कोण?"

"मी. सकाळी मी बसतो, तू उभं राहून काप. दुपारी उलट."

धाकट्याने टेबलावरच्या कातरीकडे बघितलं. "दादा, कातर तुझी आहे. सहा आठवडे एवढं केलंस ते तिच्यासाठीच ना?"

"तिच्यासाठीच केलं," मास्तर म्हणाले. मग कातर मुठीच्या बाजूने त्याच्यापुढे धरली. देताना त्यांची मूठ लगेच सुटली नाही, खोटं कशाला सांगा. "धर. निळा तुकडा आहे, माप तुझंच आहे. काप."

"मला येत नाही."

"तीस वर्षं माझं कापलेलं शिवतोयस. कुठे काय चुकतं, तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?"

धाकट्याने हात पँटला पुसले. कापड पसरलं, खडू घेतला, नव्या मापाने पाठ आखली. मग कातर उचलली आणि बराच वेळ नुसती धरून उभा राहिला. कातरीने कापडाचा पहिला घास घेतला तेव्हा मास्तरांचे हात शिवशिवले. दुसऱ्या घासाला कातर रेघेबाहेर गेली, तेव्हा त्यांनी स्वतःचे हात पाठीमागे बांधून घेतले. तिसऱ्याला त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. बायको एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या हातातलं बटण भलत्याच काजाला लागलं.

"झाली," धाकटा म्हणाला. "कशी आहे?"

मास्तरांनी तुकडा उजेडात धरला. "दोन ठिकाणी रेघ सोडलीस," ते म्हणाले. "पण पाठ तुझी आहे." आणि स्टूल ओढून ते मशीनवर बसले. सुईत दोरा ओवायला त्यांना चष्मा पुसावा लागला, मग पुन्हा पुसावा लागला, आणि शेवटी बायकोने ओवून दिला.

तेवढ्यात दारातून एक उंच, नवखा माणूस आत आला. काखेत सुटाचं कापड होतं. त्याने मशीनवरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं, आणि विचारलं, "माप द्यायचंय. मास्तर कोण?"

मास्तरांनी पायडल मारलं. मशीन दोन टाके चाललं आणि थांबलं. "ते काय, उभे आहेत," ते मान वर न करता म्हणाले. "सकाळचे मास्तर ते."

धाकट्याने एकदा वहिनीकडे पाहिलं, टेप गळ्यात अडकवली, आणि त्याला जमेल तितका ताठ उभा राहिला.